खुर्चीतला बिघाड

सोमवार, ४ मार्च

माणसाला चार जिने धावत चढायला लावायचं आणि वर पोचला की विचारायचं, ‘आता तुम्हाला कसं वाटतंय?’ — एवढ्यासाठी म्हणे दोन वर्षं अर्ज करावे लागले! मला विचारलं असतं तर उभ्याउभ्या सांगितलं असतं. दम लागल्यासारखं वाटतं.

आजपासून नवा प्रयोग सुरू. सकाळी प्रमुखबाईंनी मला आणि चष्मेवाल्या संशोधकाला समोर बसवून तासभर शिकवलं. मी इथे सव्वीस वर्षं वायरी लावतेय, तरी दर प्रयोगाच्या सुरुवातीला मला नव्याने शिकवतात. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका विद्वानाने मांडलं की माणूस दुःखी होतो म्हणून रडत नाही, रडतो म्हणून दुःखी होतो. आधी शरीर, मग भावना. दुसरा म्हणाला, छे, दोन्ही एकदमच. मग आणखी कुणी म्हणालं की शरीर नुसतं धडधडतं, त्या धडधडीला राग म्हणायचं की आनंद, हे माणूस आजूबाजूला बघून ठरवतो. त्यानंतरचे म्हणतात, घडलं त्याचा तुम्ही काय अर्थ लावता, त्यावर सगळं. एवढी डोकी झिजली आणि अजून रडू आधी की दुःख आधी यावर एकमत नाही. कोंबडी आधी की अंडं आधी, यावर जन्म काढतात माणसं!

आमचा प्रयोग त्या आजूबाजूला बघणाऱ्यांचा. जिने चढून आलेल्याला एका खोलीत बसवायचं. तिथे चष्मेवाला आधीच बसलेला. निम्म्या लोकांपुढे त्याने विनोद करायचे, निम्म्यांपुढे कुरकुर करायची. धडधड सगळ्यांची सारखीच, पण पहिले म्हणणार मजा आली, दुसरे म्हणणार राग आला. असं बाईंचं भाकीत.

माझं काम नेहमीचं. बोटांना क्लिपा, मनगटाला वायर, छातीला पट्टा. आणि रोज सकाळी पावणेदहाला सगळ्यांच्या आधी मी स्वतः खुर्चीत. पंधरा मिनिटं. कागदावर माझी रेघ सरळ आली की मशीन बरोबर, वाकडी आली की मशीन बिघडलं आणि त्या दिवसाचं काम रद्द. हा नियम आधीच्या प्रमुखांनी घातला. त्यांनी गंमत म्हणून माझ्या मागे स्टीलचं ताट आपटून पाहिलं होतं, तरी रेघ हलली नव्हती. तेव्हापासून मी झिरोमॅडम. माझ्या रेघेच्या कागदी पट्ट्या तारीख घालून पुठ्ठ्यावर डकवलेल्या असतात. दुसऱ्यांना पदकं मिळतात, मला पट्ट्या.

आजची पट्टी — सरळ.

मंगळवार, ५ मार्च

चष्मेवाल्याचे विनोद ऐकून तीन जणांनी ‘राग आला’वर खूण केली. सिद्धांताचं माहीत नाही, लोकांची पारख चांगली आहे.

गुरुवार, ७ मार्च

दहाला माझी पट्टी संपत होती, तोच खुर्चीसमोरच्या भिंतीवरचा फोन वाजला. चष्मेवाल्याने घेतला. ‘झिरोमॅडम, तुमच्या भाचीचा.’

ताईची मुलगी. नऊ वर्षांनी. माझ्या मोबाइलवर ताईच्या घरचे फोन मी घेत नाही, म्हणून इथे. हा नंबर हिला कुणी दिला?

ताईला दवाखान्यात ठेवलंय. हृदयाची झडप निकामी झाली आहे. पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन. ‘मावशी, एकदा येऊन जा.’ मी म्हटलं, प्रयोग चालू आहे, रजा मिळायची नाही. ती म्हणाली, ‘मी रोज दहाला फोन करीन. तू हो म्हणेपर्यंत.’ आईसारखीच हट्टी! मी ‘बरं’ म्हणून ठेवला.

चष्मेवाल्याने विचारलं, काही गंभीर आहे का. मी म्हटलं, नाही. बहीण आजारी आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. काय बघायचं होतं त्याला? मी रडायला हवं होतं, म्हणजे मग मला दुःख झालं असतं?

मला काही वाटलं नाही. खोटं कशाला लिहू? हे पान कुणी वाचणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ताई चार माणसं धरत होती तरी आवरत नव्हती. त्या दिवशी डॉक्टरांचा दाखला मी आणला. नातेवाइकांना फोन मी केले, आल्यागेल्याचा चहा मी बघितला, आईचे कपडे घड्या घालून मी कपाटात ठेवले. कुणीतरी करायलाच हवं होतं. संध्याकाळी भरल्या घरात ताई माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई गेली आणि हिच्या डोळ्यात टिपूस नाही. दगड आहेस तू, दगड!’ कुणी एक शब्द बोललं नाही. काकासुद्धा नाही. मी पर्स उचलली आणि निघाले. ते आजतागायत.

दगड तर दगड. दगडावर इथे एक अख्खी प्रयोगशाळा उभी आहे.

शुक्रवार, ८ मार्च

आज मशीनने दगा दिला. पट्टी सुरुवातीला सरळ, आणि शेवटच्या पाच मिनिटांत ठोके चढलेले, बोटाच्या घामाची रेघ तर जिना चढावा तशी वर. क्लिपा बदलल्या, बोटांवरचं जेल पुसून नवं लावलं, सव्वादहाला पुन्हा बसले. पुन्हा वाकडी. नियम म्हणजे नियम. बारा माणसं बोलावली होती, बारांना परत पाठवलं. त्यातला एक लवकर आला म्हणून हौसेने दोनदा जिने चढला होता.

मधे भाचीचा फोन होऊन गेला. मी म्हटलं, आज मशीन बिघडलंय, नंतर बोलू.

सोमवार, ११ मार्च

पट्टी वाकडी. आज चष्मेवाल्याने वायरींना दोष दिला, मी विजेच्या दाबाला. बाई गप्प होत्या. त्या गप्प असल्या की जास्त धोका.

भाची ठीक दहाला. मी विचारलं, ‘हा नंबर कुठून मिळाला तुला?’

‘आईच्या वहीत होता. पहिल्या पानावर.’

‘ती विचारते का माझं?’

‘नाही. पण मी फोन करायला बाहेर जाते ना, तेव्हा परत येईपर्यंत दाराकडे बघत असते.’

ही पोरगी वकील व्हायची. मी म्हटलं, दारातून डॉक्टर येतात म्हणून बघत असेल. फोन ठेवला. रागाने कानशिलं तापली होती. नऊ वर्षं एक चिठ्ठी नाही, माफीचा एक शब्द नाही, आणि आता छाती फाडायची वेळ आली तेव्हा बहीण आठवली! तेही स्वतः बोलायचं नाही, मुलीला पुढे करायचं.

मंगळवार, १२ मार्च

तिसऱ्या दिवशीही वाकडी. उद्या मिस्त्री. आत्तापर्यंत छत्तीस माणसं परत पाठवली.

बुधवार, १३ मार्च

आजचा दिवस आयुष्यातून वगळता आला तर बरं.

मिस्त्री आला. पूर्वीचाच म्हातारा, जाड भिंगांचा, पेचकस शर्टाच्या खिशात. मशीन उघडलं, फुंकलं, पुसलं, बंद केलं. स्वतः बसला. सरळ. बाईंना बसवलं. त्यांच्या रेघेत थोडे चढउतार, पण दोनदा काढली तर दोनदा तशीच. चष्मेवाल्याची म्हणजे डोंगररांग, पण तीही दोनदा तशीच. मग मला बसवलं. नऊ पंचावन्नला रेघ चढायला लागली.

मिस्त्रीने पेचकस खिशात टाकला. ‘मशीनमध्ये काही नाही मॅडम. जे आहे ते खुर्चीत आहे.’

चष्मेवाला फिस्कन हसला. मी म्हटलं, तुम्हाला जमत नसेल तर दुसरा बोलवू. नाचता येईना, अंगण वाकडं! म्हातारा शांतपणे म्हणाला, ‘मागच्या वेळीसुद्धा तुम्ही मला असंच बोलला होतात.’ कुठल्या मागच्या वेळी, ते विचारायच्या आत बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं.

टेबलावर चारी दिवसांच्या पट्ट्या एकाखाली एक मांडलेल्या. बाईंनी फूटपट्टी ठेवून एक उभी रेघ मारली. दहाची. ‘हा फोन वाजतो तो क्षण. आणि तुमची रेघ चढते ती इथून. पाच मिनिटं आधी. चारी दिवस.’ सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पट्ट्यांवर अशाच उभ्या रेघा मारत आले.

त्यांनी विचारलं, ‘त्या वेळी काय वाटतं तुम्हाला?’

मी म्हटलं, ‘राग येतो.’

‘राग आहे हे कशावरून?’

‘माझा आहे. मला कळत नाही?’

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘जिने चढून येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.’

मला इतका संताप आला की मी दार आपटून बाहेर आले. शिकलीसवरलेली माणसं, स्वतःच्या घरात काय चाललंय ते कळत नाही यांना, आणि दुसऱ्याच्या छातीत डोकावतात. या बाईंच्या मुलाने वर्षभर अबोला धरला होता, तेव्हा कुठे गेला होता सिद्धांत? म्हणे राग कशावरून! मग दार आपटलं ते काय प्रेमाने?

भाचीचा फोन मी घेतला नाही. चष्मेवाल्याने घेतला आणि माझ्या वतीने ‘हो हो, सांगतो’ म्हणत बसला.

गुरुवार, १४ मार्च

म्हाताऱ्याचं बोलणं डोक्यातून जाईना. ‘मागच्या वेळीसुद्धा.’ मी याला आधी कधी असं बोलले होते?

सकाळी आठलाच प्रयोगशाळा उघडली. कपाटातून जुने पुठ्ठे काढले. खरं तर मला एकच गोष्ट हवी होती — आई गेली त्या महिन्यातल्या पट्ट्या. चार दिवसांनी मी कामावर आले होते, एकही दिवस जास्त न घेता. त्या पट्ट्या सरळ असणार, म्हणजे असणारच. बाईंच्या टेबलावर आपटणार होते. हे बघा, सख्खी आई गेली तेव्हाही रेघ हलली नाही, आणि तुम्ही एका फोनचं काय घेऊन बसलात!

त्या महिन्याचा पुठ्ठा काढला. पहिल्या आठवड्यातल्या पट्ट्या जागेवर. त्यापुढे नुसता पुठ्ठा. एकही पट्टी नाही.

मग दुरुस्तीची वही काढली. अक्षर माझंच. ‘मशीन बिघडले. रीडिंग वाकडे येते. काम चौदा दिवस बंद. मिस्त्रीने दोनदा तपासले. बिघाड सापडला नाही. पंधराव्या दिवशी आपोआप ठीक.’ खाली माझी सही.

मी जमिनीवरच बसले. पंधराव्या दिवशी आपोआप ठीक! किती व्यवस्थित लिहिलंय. ‘आपोआप’खाली रेघसुद्धा मारली आहे, फूटपट्टीने.

चौदा दिवस माझ्या अंगात आई मेली होती, आणि मी मशीनला शिव्या देत होते. इथे मूर्ख मूर्ख म्हणून मी ज्यांना हसते, त्यांच्यातला सर्वांत मोठा मूर्ख रोज पावणेदहाला खुर्चीत बसतो. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. आणि आधीचे ते प्रमुख! त्यांना ठाऊक होतं माझी आई गेली ते. हार घेऊन आले होते. तरी त्यांनी मिस्त्रीलाच बोलावलं. झिरोमॅडमला काही वाटू शकतं, हे एवढ्या मोठ्या भावनातज्ज्ञाला सुचलं नाही. त्यांना काय बोलू? मला तरी कुठे सुचलं!

म्हणजे ताईचं चुकलंच. मी दगड नव्हते. आणि माझंही चुकलं. ती म्हणाली आणि मी होऊन दाखवलं, नऊ वर्षं, तारीखवार पट्ट्या डकवून.

पावणेदहा झाले. कुणी आलं नव्हतं. वायरी न लावता खुर्चीत बसून राहिले. फोनकडे बघत. नऊ पंचावन्नला तळहात ओले झाले, हे मला मशीनशिवाय कळलं. मग मी बाईंचा प्रश्न स्वतःला विचारला. राग आहे हे कशावरून? राग माझ्या ओळखीचा. बँकेत रांगेत कुणी घुसलं की येतो तो. तो कपाळात असतो, हात सळसळतात, काहीतरी आपटावंसं वाटतं. हे तसं नव्हतं. हात गार पडले होते. लहानपणी शाळा सुटल्यावर ताई मला न्यायला यायची, आणि एक दिवस यायला तिला उशीर झाला. सगळी मुलं गेली, फाटकाशी मी एकटी. तेव्हा असे हात गार पडले होते.

भीती आहे ही. लिहिलं. ताई मरेल अशी मला भीती वाटते. नऊ वर्षं ती मला आवडत नाही आणि ती मरेल या भीतीने मला श्वास घेता येत नाही. कुठल्या विद्वानाच्या कप्प्यात हे घालायचं, ते बाई बघतील.

दहाला फोन वाजला. पहिल्याच घंटीला उचलला. म्हटलं, ‘येते. तिला सांगू नकोस. मी आले नाही तर उगाच...’ आणि पुढे बोलता येईना. भाची म्हणाली, ‘मावशी, तू रडतेयस?’ मी म्हटलं, सर्दी आहे.

रजेचा अर्ज बाईंच्या टेबलावर ठेवला. कारणाच्या रकान्यात ‘बिघाड सापडला’ लिहिलं होतं, मग खोडून ‘बहिणीचे ऑपरेशन’ लिहिलं. त्यांनी वाचून सही केली आणि म्हणाल्या, ‘तुम्ही येईपर्यंत प्रयोग बंद ठेवते.’ मी म्हटलं, कशाला, चष्मेवाल्याला बसवा खुर्चीत, निदान डोंगर तरी दिसतील. आज पहिल्यांदा त्या मोठ्याने हसल्या.

शुक्रवार, १५ मार्च

सहा तासांची बस. पोचले तेव्हा ताईला आत नेलं होतं. भाचीने मला दारातच मिठी मारली. मला मिठी मारायची सवय नाही, हात कुठे ठेवायचे कळेना.

ऑपरेशन चार तास चाललं. सर्जन बाहेर येऊन म्हणाला, ‘झडप छान बसली आहे. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येतील.’

आली नाही.

शनिवार, १६ मार्च

अजून नाही. गुंगीचं औषध सकाळीच बंद केलंय म्हणे. सर्जन आज ‘छान’ म्हणत नाही. ‘वाट बघू’ म्हणतो. काल छातीत हात घालणारा हा माणूस, आज त्याला फक्त वाट बघता येते! मला काय, मीही इतकी वर्षं तेच केलं. आत एका वेळी एकालाच सोडतात. भाची तिला हाका मारमारून थकली. पापणीसुद्धा हलली नाही. भाची मला म्हणाली, ‘आता तू जा.’ मी म्हटलं, उद्या. दारापर्यंत गेले आणि फिरले. हात गार पडले होते. कशामुळे ते आता ठाऊक आहे, पण त्याने ते गरम होत नाहीत. सिद्धांतांचा हाच तर दोष आहे.

रविवार, १७ मार्च

आत गेले. ताई एवढीशी दिसत होती. नाकातोंडात नळ्या, आणि बोटाला क्लिप. माझ्याकडे आहे तशीच. सवयीने आधी पडद्याकडे बघितलं. ठोके अडुसष्ट. काल सकाळपासून अडुसष्ट-एकोणसत्तर, नर्स म्हणाली. आमच्या भाषेत रेघ सरळ. खुर्ची ओढून कानाशी बसले आणि नऊ वर्षांत काय काय ठरवून ठेवलं होतं बोलायचं, त्यातलं एकही आठवेना. म्हटलं, ‘ताई, दगड आलाय.’

चौऱ्याहत्तर. ब्याऐंशी. त्र्याण्णव. एकशे चार. मशीन किंचाळायला लागलं. नर्स धावत आली, म्हणाली क्लिप सैल झाली असेल, नाहीतर हे मशीनच मेलं सारखं बिघडतं.

मी नर्सचा हात धरला. ‘क्लिपला हात लावू नका. मशीन ठीक आहे.’

राग असेल. की दुसरं काही, ते उठली की तीच सांगेल. मला काहीही चालेल.